तलावाचा तिसरा हात

“भाऊसाहेब आले गं, पाणी दोनदा गाळ!” आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली. तिचं हळूच बोलणं असं, की बाहेरच्या खोलीतून भाऊसाहेबांनी उत्तर दिलं, “वहिनी, गाळून वास जात नसतो.”

मी पेला नेऊन दिला. त्यांनी तो उजेडात धरला, एक डोळा मिटला, मग पेला नाकाशी नेला. आम्ही सगळे निकाल लागायची वाट बघत उभे.

“परवापेक्षा वाईट,” ते म्हणाले आणि एका दमात सगळं पाणी पिऊन गेले.

भाऊसाहेब दिघे आमच्यापासून तीन घरं सोडून एकटे राहत. त्यांचे वडील संस्थानच्या बांधकाम खात्यात होते, आणि ते स्वतः पाणीपुरवठ्यात. संस्थान गेलं, मध्य प्रदेश आला, भाऊसाहेब रिटायर झाले. त्यांच्या नाकाला मात्र कुणी रिटायर केलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते पेला हुंगत. एकदा वराची आई भडकली. “आमच्या पाण्याला काय झालंय हो?” भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “तुमच्या पाण्याला नाही वहिनी, आपल्या तलावाला झालंय.” त्यानंतर त्यांना लग्नाच्या पत्रिका कमी येऊ लागल्या.

आमच्या कॉलनीचं पाणी त्या तलावातून येई. भाऊसाहेब रोज सकाळी रंगाने खुणा केलेला लांब बांबू खांद्यावर घेऊन तिकडे जात. दर महिन्याला एक बाटली भरून आणत आणि खिडकीत मांडून ठेवत. पहिल्या बाटल्या काचेसारख्या, मधल्या चहाच्या गाळासारख्या, शेवटच्या हिरव्या. एखादा दूधवाला विचारी, “भिया, ये हरा वाला पुदीने का है क्या?” भाऊसाहेब झाकण उघडून बाटली त्याच्या नाकाखाली धरत. तो पुन्हा कधी विचारत नसे; दुसऱ्या दिवशी दुसराच कुणीतरी विचारी.

मला हसू यायचं, आणि मग भीती वाटायची. बाटल्या ओळीने बघितल्या की पुढची कशी असेल ते कळत होतं.

मी फार बोलत नसे. शाळा नन्सची, तिथे इंग्रजी, घरी मराठी, रस्त्यावर हिंदी. तिन्ही ठिकाणी मी बोलण्यापेक्षा ऐकणं पसंत केलं. भाऊसाहेबांनी माझ्यात काय पाहिलं, तर माझं अक्षर. एक दिवस कार्बन पेपर घेऊनच आले.

“मॅडमबाई, तुमचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. माझा अर्ज लिहून द्या. माझं इंग्रजी वाचलं की साहेब लोक अर्ज बाजूला ठेवून चहा मागवतात.”

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या बाटल्यांच्या खिडकीजवळ बसून अर्ज लिहू लागले. ते येरझारा घालत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. कपडे धुण्याच्या साबणाबद्दल. जलकुंभीबद्दल, म्हणजे तलावभर पसरलेल्या जलपर्णीबद्दल. एका रंगाच्या कारखान्याबद्दल. हिवाळ्यात येणारी बदकं यंदा किती कमी, त्याबद्दल. मी विचारलं, “बदकांनी यावं म्हणून अर्ज कुणाला करायचा?” त्यांनी खरंच विचार केला. “कलेक्टरला कर. कॉपी बदकांना.”

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. “तलाव म्हणजे बशी नाही, भिया. तलावाला हात असतात.” तीन नाले पावसाचं पाणी गोळा करून तलावात आणत. पहिला हात रस्त्याखाली गेला, दुसरा वीटभट्टीच्या मातीत. तिसरा राहिला होता. उन्हाळ्यात तो नाला म्हणजे बाभळीची झुडपं आणि बकऱ्यांच्या लेंड्या. तिथून पाणी वाहतं हे कुणाला सांगून पटलं नसतं. “हात तुटला की माणूस जेवेल कसा? आपला तलाव उपाशी मरून राहिलाय,” ते म्हणत.

आणि त्या तिसऱ्या हातावर एका नव्या हाउसिंग सोसायटीने प्लॉट पाडले. मातीचे ट्रक येऊन कडेला ढीग लावू लागले.

त्यातला एक प्लॉट बाबांनी घेतला होता.

बाबा ऑफिसात कारकून. जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेले. संध्याकाळी जेवण झालं की ते ग्राफ पेपर पसरून घर काढत बसत. देवघर रोज जागा बदले. माझी खोली मात्र पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात, तलावाकडे खिडकी असलेली. त्या खिडकीला त्यांनी पेन्सिलने पडदासुद्धा काढला होता. मी अर्ज कशाचे लिहिते ते त्यांना ठाऊक नव्हतं. नळाला जोर नाही, त्याबद्दल असेल, असं त्यांना वाटे. मी तसं वाटू दिलं.

एकदा भाऊसाहेब आलेले असताना बाबांनी हौसेने तो कागद त्यांच्यापुढे धरला. “बघा, सतरा नंबर. तलाव समोर!”

भाऊसाहेबांनी कागद उजेडात धरला. मग म्हणाले, “खिडकी चांगली काढलीय.” त्या दिवशी त्यांनी पेला न हुंगता पाणी प्यायलं. आईला एवढा आनंद झाला की तिने त्यांना चिवडा बांधून दिला.

पुढच्या रविवारी मोठा अर्ज होता, नाल्यावर माती टाकणं थांबवा म्हणून. भोपाळहून एक साहेब येणार होते. त्यांच्यापुढे सोसायटीची सभा होती. नाला नेमका कोणत्या प्लॉटांतून जातो ते बांबूने मोजून भाऊसाहेबांनी नकाशा काढला होता. ते सांगू लागले, मी लिहू लागले. “चौदा. पंधरा. सोळा. अठरा. एकोणीस.”

माझं पेन थांबलं.

“सोळा, अठरा?” मी विचारलं.

“लिहा मॅडमबाई,” ते खिडकीकडे बघत म्हणाले.

हा माणूस पाण्याची पातळी अर्धं बोट चुकली तर पुन्हा तलावात उतरायचा. मी लिहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. भोपाळचे साहेब मराठीच निघाले, ग्वाल्हेरकडचे. पंचवीस-तीस प्लॉटवाले होते, आणि भाऊसाहेबांच्या बाजूने फक्त त्यांचा बांबू. बाबांना वाटत होतं, आज बांधकामाची परवानगी मिळणार. ग्राफ पेपरची घडी त्यांच्या खिशात होती. मी त्यांच्या शेजारी बसले.

साहेबांनी अर्ज नीट वाचला. “अक्षर सुंदर आहे,” ते म्हणाले. मग नकाशा उलगडला. सोसायटीचे सेक्रेटरी शर्माजी त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि एकदम खूश झाले.

“भाऊसाहेब, ये नाला सोलह से सीधा अठारह पे कूद गया? नाला है कि हनुमानजी?”

हॉल हसला. बाबाही हसले. कुणीतरी मागून म्हणालं, “अरे, सूंघकर बनाया होगा नक्शा!” पुन्हा हसू.

साहेब हसले नाहीत. “दिघे, मधला प्लॉट कोरडा आणि दोन्हीकडचे नाल्यात, हे कसं? नकाशाच चुकीचा असेल तर मला हा अर्ज निकालात काढावा लागेल. माती उद्यापासून पडेल.”

मला वाटलं, आता ते सांगतील. एक आकडा सांगितला असता तर झालं असतं. भाऊसाहेबांनी बाबांच्या दिशेला पाहिलं, बाबांच्या खिशाकडे, माझ्याकडे मात्र नाही.

“मोजण्यात चूक झाली असेल,” ते म्हणाले. “बांबू... बांबू लहान पडला असेल.”

ही न केलेली चूक त्यांनी अख्ख्या हॉलसमोर, मान खाली घालून कबूल केली. शर्माजी म्हणाले, “चलो, हो गया,” आणि खुर्च्या सरकू लागल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. बाबांनी माझी ओढणी धरून हळूच ओढली. त्यांना वाटलं, मला घरी जायचंय. ओठांवर आधी इंग्रजी आलं, मग हिंदी. दोन्ही गिळली. निघालं ते घरातलं मराठी, आणि एवढ्या मोठ्याने, की सरकणाऱ्या खुर्च्या थांबल्या.

“साहेब, भाऊसाहेबांचा बांबू बरोबर आहे. मधला सतरा नंबर आमचा आहे.”