कर्जतपर्यंतची हमी

आमच्या शेजारचे गेनूभाऊ कुठलीही वस्तू आधी ठोकून बघत आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवत. नारळ, कलिंगड, माठ आपणही ठोकतो. गेनूभाऊ खुर्ची ठोकत, भिंत ठोकत, पितळी समई ठोकत, शाळेत नवे बाक आले तेव्हा तेही जाऊन ठोकून आले. त्यासाठी त्यांच्याजवळ लांब दांड्याची एक हातोडी होती. ठोकलं की डोळे मिटायचे, मान डावीकडे कलती करायचे आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत श्वास घ्यायचे नाहीत. बघणाराही उगाच श्वास धरून उभा राहायचा.

हातोडी रेल्वेतली. लोणावळ्याला मुंबईकडे जाणारी गाडी घाट उतरण्याआधी थांबायची, तेवढ्यात एक माणूस कडेकडेनं एकेक चाक ठोकत जायचा. चाक धड असलं तर 'ठण्ण' वाजतं, चीर गेली असली तर 'थद्' करतं. गेनूभाऊंनी तीस वर्षं हेच केलं. शेवटच्या डब्यावर त्यांनी खडूची फुली मारली की गाडी सुटायची. ती फुली म्हणजे गेनूभाऊंची हमी, आणि हमीची हद्द ठरलेली होती: घाटाच्या तळाशी कर्जत. तिथं दुसरा माणूस दुसरी हातोडी घेऊन उभा असे.

नोकरी संपली, पण हद्द काही सुटली नाही. माझ्या मेहुणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा गेनूभाऊ चहा द्यायला मदतीला आले. कप देता देता त्यांनी मुलाच्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं, डोळे मिटले आणि भर बैठकीत निर्वाळा दिला, "आवाज भरीव हाय. कर्जतपर्यंत काय हुत न्हाई."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "आणि कर्जतनंतर?"

"त्ये तितला मानूस बघंल."

ते लग्न जमलं नाही. मेहुणी पुढे चार वर्षं गेनूभाऊंशी बोलत नव्हती.

मी वकील. रोज वडगावच्या कोर्टात जायचं, कागद वाचायचे आणि कागदात नसेल ते नाहीच असं धरून चालायचं, हा माझा स्वभावच झाला आहे. तेव्हा गेनूभाऊंच्या हातोडीची मी यथेच्छ टिंगल करत असे. पण गावात जुनी मोटार घ्यायची म्हटलं की लोक माझ्याकडे न येता त्यांच्याकडे जात. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. त्यामुळे मुंबईच्या बंगलेवाल्यांनी विकलेल्या जुन्या गाड्या इकडेतिकडे फिरत असत, आणि घेणारा माणूस गेनूभाऊंना बोलावून नेई. गंमत अशी, की स्वतः गेनूभाऊ मोटारीत कधी बसत नसत. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, "तुमी व्हा फुडं, मी चालत येतो," मग जायचं तळेगावला का असेना.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी चाकं, मग खाली वाकून गाडीचा लोखंडी सांगाडा, ज्याला मिस्त्री लोक चासी म्हणतात तो. इथपर्यंत कुणालाही पटेल. शेवटी मात्र ते गाडीकडे पाठ करून उभे राहत आणि मालकाला सांगत, "मागलं डाव्या अंगाचं दार लावा." मालक दार लावी. "परत लावा." तो परत लावी. मग गेनूभाऊ मान हलवत, आणि तपासणी संपे. त्या दाराचा गाडीच्या तब्येतीशी काय संबंध, हे कुणाला विचारायचा धीर होत नसे, कारण त्या वेळी त्यांचा चेहरा बघवत नसे. ते एक दार शोधत होते, हे मला फार उशिरा कळलं.

लोक त्यांना थोडे भीतही. आमच्या औषधवाल्याची गाडी विकायची होती. गेनूभाऊंनी मागची सीट हातानं चाचपली, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "हितं कुनीतरी एकलंच बसायचं. गाडी उभी असताना. लय येळ." औषधवाला पांढराफटक पडला. घरात माणसं फार म्हणून त्याची आई रोज संध्याकाळी बंद गाडीत जाऊन बसायची, आणि ती जाऊन दोन वर्षं झाली होती. मी लगेच खुलासा केला की सीटच्या एकाच बाजूची स्प्रिंग दबली होती, त्यात नवल काय. खुलासा बरोबर होता. तरी पण ती गाडी घ्यायला लोणावळ्यात कुणी तयार होईना.

मग माझीच पाळी आली. वडगावच्या खेपांना कंटाळून मी गाडी घ्यायचं ठरवलं. कुसगावला पोपटशेठ नावाचा दलाल होता. पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या सात-आठ गाड्या उभ्या. श्रावणातली दुपार होती, आणि धुकं असं उतरलं होतं की शेडच्या आतसुद्धा शेवटची गाडी दिसत नव्हती. मी आणि गेनूभाऊ चालतच गेलो, अर्थात.

पोपटशेठनं एक हिरवी गाडी काढली. पुसूनबिसून लखलखीत. वर त्यानं एक छापील कागद माझ्या हातात ठेवला. "वकीलसाहेब, तीन महिन्यांची लेखी हमी. आणि थोडे वर दिलेत तर वर्षाची वाढीव हमी. अशी हमी मुंबईत मिळणार नाही."

कागद म्हटल्यावर माझं भान हरपलं. मी बॉनेटवर टेकून वाचू लागलो. टायर, बॅटरी, ब्रेक आणि इंजिन सोडून. झीज, गंज आणि पाणी सोडून. घाटात चालवल्यास सर्वच सोडून. बारकाईनं पाहिल्यावर शेवटी हमी उरत होती ती फक्त हॉर्नची. मी हॉर्न दाबला. तो वाजला नाही. तरी मला तो कागद आवडला होता. मी पेन काढून एकेक कलम दुरुस्त करू लागलो, पोपटशेठ हो हो म्हणू लागला, आणि 'घाटात' हा शब्द कापण्यावर आमची घासाघीस सुरू झाली.

तिकडे गेनूभाऊंची हातोडी चालू होती. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मग खालून एक आवाज आला: थद्. मी कलमांत गुंतलो होतो, तरी तो आवाज ऐकून माझं पेन थांबलं.

"दार लावा," धुक्यातून गेनूभाऊ म्हणाले.

पोपटशेठनं दार लावलं. 'धप्प', आणि जरासं थांबून, आतून कुणी टिचकी मारावी तशी, 'टिक'.

हातोडी खाली पडली. गेनूभाऊंच्या हातून हातोडी पडलेली मी कधीच पाहिली नव्हती.

"परत लावा." धप्प. टिक. "परत." धप्प. टिक. सहा वेळा. पोपटशेठ वैतागून माझ्याकडे बघू लागला. गेनूभाऊ वळले, हळूहळू गाडीजवळ गेले, मागच्या काचेला कपाळ टेकवलं आणि रिकाम्या सीटला अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "पोचलीस का गं?"

पोपटशेठ दोन पावलं मागे सरला. मीही सरलो, हे कबूल करतो. आत कुणीही नव्हतं. काचेवर आतल्या बाजूनं वाफ धरली होती. बंद गाडीत ती धरतेच, असा खुलासा मी मनातल्या मनात केला.

मला काहीच कळेना. मी आपलं विचारलं, "गेनूभाऊ, घेऊ का गाडी?"

ते गाडीच्या टपावर हात फिरवत राहिले, एखाद्या गुरावर फिरवावा तसा. मग दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात म्हणाले, "घिऊ नका. चासी तडकलीय. कवा बी मोडंल."

मी कागद परत दिला. परतीच्या वाटेवर, कुसगावची वस्ती मागे पडल्यावर, ते आपणहून बोलू लागले. त्यांची बायको आम्ही राहायला येण्याआधीच वारली होती, एवढंच मला माहीत होतं.

"नऊ वरसं झाली. हौसाच्या पोटात दुखाया लागलं. डाक्टर म्हनला, आत्ताच्या आत्ता पुन्याला न्या. बंगल्यातल्या शेठची गाडी व्हती, काळी. तवा काळी व्हती. डायवर म्हनला, बसवा. मी गाडी ठोकली. चाकं, चासी, समदं. हौसा म्हनली, पोचंन का वो मी? म्हनलं, ठोकलीय गाडी. पुन्यापर्यंत माजी हमी."

"तुम्ही बरोबर गेला नाहीत?"

"मेल उभी व्हती. फुली मारल्याबिगर सुटंना, आन् बदली मानूस आला न्हवता. म्हनलं, मागनं येतो. दार मीच लावलं." त्यांनी हातोडी खांद्यावर घेतली. "गाडी पोचली, वकीलसाहेब. हौसा कामशेतलाच गेलती."

धुक्यात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ते बरंच झालं.

"तिचा आवाज मी इसरलो," ते म्हणाले. "लय आठवून बघितला. दाराचा तेवढा ऱ्हायला."

मी म्हणालो, "अहो, मग मला घ्या म्हणायचं होतंत! गाडी माझ्या दारात राहिली असती. तुमच्या खोलीपासून दहा पावलांवर."

गेनूभाऊ थांबले. "आन् तुमी त्यात वैनींना बसवलं असतं," असं म्हणाले आणि चालू लागले.

आठवड्यानं मी एकटाच कुसगावला गेलो. गाडी भंगारात निघाली होती. मी पोपटशेठकडून मागचं डावं दार चौकटीसकट कापून घेतलं. त्यानं जाताना मला बजावलं, "दाराची हमी नाही हं." गेनूभाऊंनी ते ठोकून बघितलं नाही. आमच्या आणि त्यांच्या अंगणाच्या मधल्या कुंपणात, फाटक म्हणून बसवलं. हिरवं मोटारीचं दार, काचेसकट. रोज दुपारी मेलच्या वेळेला ते एकदा उघडून लावत. धप्प. टिक. आमच्याकडे आलेले पाहुणे गाडी आली म्हणून उठून बाहेर बघत, आणि रस्त्यावर कुणीच नसे. माझी बायको कुमुद त्यांना आणखी चहा वाढत असे.

दिवाळीनंतर मला लोणावळ्यातल्याच एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी मिळाली. कागद वगैरे काही नाही. गेनूभाऊंनी ठोकली. सगळीकडून ठण्ण. त्यांनी खिशातून खडू काढून मागे फुली मारली.

मी नेहमीसारखी टिंगल केली. "कर्जतपर्यंत ना? मला तर रोज उलटीकडे, वडगावला जायचंय."

पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्यापर्यंत देतो."

"ही वाढीव हमी कधीपासून?"

"आजपास्नं. पन मला संगं यावं लागंल."

मी आणि कुमुद पुढे बसलो. गेनूभाऊंनी मागचं डावं दार उघडलं, जरा थांबले, लावलं, आणि वळसा घालून उजवीकडून आत येऊन बसले. मांडीवर हातोडी. जन्मभर गाड्या तपासत आलेला तो माणूस सीटची कड धरून बसला होता. कामशेत आलं तेव्हा त्यांनी मांडीवरची हातोडी उजव्या हातात घेतली आणि डावा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. मी वेग कमी केला.

पुण्यात एका दवाखान्याच्या फाटकासमोर ते म्हणाले, "हितं थांबवा." उतरले, वळसा घालून आले, मागचं डावं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. आजारी माणसाला सावकाश उतरायला जितका वेळ लागेल तितका वेळ. मग दार लावलं.

आमच्या त्या गाडीचं दार नुसतं 'धप्प' वाजतं. आजही तसंच वाजतं. त्या दिवशी मात्र त्यामागून, जरासं थांबून, 'टिक' वाजलेलं मी ऐकलं. एका साक्षीदारावर मी कधी विश्वास ठेवत नाही, म्हणून कुमुदकडे बघितलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता. याचा खुलासा मी आजवर शोधतो आहे.

गेनूभाऊ फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले. मग परत आले आणि खिडकीतून आत वाकून म्हणाले, "पोचली."

येताना ते मागे डाव्या बाजूला बसले, आणि खंडाळ्याचे डोंगर दिसेपर्यंत गाढ झोपले.