चारशे बारा गाणी आणि माझं पार्टिशन

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दोंडाईच्यात कॉम्प्युटरचं काही अडलं, की लोक सरळ आमच्या वाचनालयात येतात आणि विचारतात, "नवलभाऊ कुठंयत?" वाचनालयाच्या चारही कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं ते मीच! त्याच दिवसापासून मी जरा छाती पुढे काढून चालतो, हेही कबूल करतो.

तर एका मंगळवारी सकाळी कोकिळाताई आल्या. शाळेत शिक्षिका, पण सुट्टी लागली की रेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडायच्या. चार वर्षांत त्यांनी लग्नातली, जात्यावरची, कानबाई देवीच्या सणाची अशी चारशे बारा अहिराणी गाणी गोळा केली होती. सोबत सुंदरबाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, आणि प्रत्येक गावात ताईंबरोबर जाऊन बायकांना गायला बसवायचं काम त्यांचं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो.

"नवलभाऊ, गाणी या एकाच हार्ड डिस्कवर आहेत," ताई म्हणाल्या. "नवी आणलीय. हिच्यावर दुसरी प्रत करून द्या. गाणाऱ्यांतल्या दोघी तर आता राहिल्या नाहीत."

"दोन मिनिटांचं काम!" मी म्हणालो. "आधी नव्या डिस्कचे दोन भाग पाडतो. एकात गाणी, दुसऱ्यात फोटो. पार्टिशन म्हणजे काय ताई, शेताची वाटणी! बांध घालायचा, झालं!"

दोन्ही डिस्क जोडल्या. दोन्ही काळ्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जुळ्या म्हशींसारख्या! पडद्यावर नावांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. मी ऐटीत बांध घातला. 'सगळं पुसलं जाईल, खात्री आहे?' कॉम्प्युटरने विचारलं. मला खात्री नसेल तर कोणाला असणार!

"झालं! आता जुनी डिस्क उघडतो."

जुनी उघडली. ती नवीच निघाली. कोरी करकरीत!

"म्हणजे... वाटणी कोणत्या शेताची झाली?" ताईंनी हळूच विचारलं.

इथे शहाण्या माणसाने हात वर केले असते. मी बाह्या वर केल्या! दुरुस्तीची आज्ञा दिली. 'चूक सापडली. दुरुस्त करू?' हो! 'अजून एक सापडली. करू?' हो! लग्नात वाढपी जिलेबी वाढत सुटतो तसा मी हो-हो करत सुटलो. साठेक चुकांनंतर ताईंनी वायरच उपटली.

"बठ्ठा गाना गयात का?" सगळी गाणी गेली का, असं अक्कांनी विचारलं. आवाज शांत होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही तिघं एसटीने धुळ्याला निघालो. ताई डिस्क मांडीवर धरून बसल्या होत्या, तान्हं बाळ दवाखान्यात नेतात तशी.

आग्रा रोडजवळच्या गल्लीत सलीमाताईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "यानंतर डिस्कवर काही लिहिलं?"

"दुरुस्ती केली," मी म्हणालो.

"किती वेळा हो म्हणालात?"

"साठेक."

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, काही न वाचता साठ वेळा हो तर कोणी निकाहातसुद्धा म्हणत नाही!"

पण मग मी जे पाहिलं, ते आयुष्यभर विसरणार नाही! बाईंनी आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायला लावली. "जे करायचं ते नकलेवर. मूळ डिस्कला हात नाही." त्यात पाच तास गेले. मग नकलेवर जुन्या बांधाची जागा शोधली आणि माझा बांध मोडून जुना पुन्हा घातला. चुका तपासल्या, तेही नुसत्या पाहायच्या बोलीवर. एकेक ओळ वाचायच्या, वहीत टिपायच्या, विचार करायच्या. सगळं वाचून झाल्यावरच दुरुस्तीची आज्ञा दिली. मी बारा वर्षं लिनक्स चालवतोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते चालवणारं माणूस दिसलं!

"मिळाली," त्या म्हणाल्या. "पण एक गडबड आहे. गाण्यांची नावं गेली. सापडलेल्या फायलींना नुसते नंबर पडलेत."

चारशे बारा गाणी, आणि कोणतं कुणाचं, पत्ता नाही! ताईंचा चेहरा उतरला. चार वर्षांपूर्वीचा आवाज कुणाचा, कसं सांगणार?

अक्का खुर्ची पुढे ओढून बसल्या. "लाव बेटा."

सलीमाताईंनी पहिली फाईल लावली. अजून गाणं सुरूही झालं नव्हतं, नुसता खोकला ऐकू आला. "धुरपदाबाई," अक्का म्हणाल्या. "खोकानंतरच गाये ती." दुसरी फाईल. "हाई ताईबाई शे. तिन्हा पुढला दात पडेल व्हता, म्हनीसन शिट्टी वाजस." याच त्या दोघी, आता नसलेल्या. अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुढलं लाव. मशीन नाव इसरनं व्हई, पन माले बठ्ठं याद शे."

तीन दिवस आम्ही धुळ्याला जाऊन-येऊन होतो. अक्का नाव, गाव, कुणाच्या लग्नातलं गाणं, सगळं सांगायच्या, कोकिळाताई लिहायच्या, सलीमाताई फायलीला नाव द्यायच्या. दुकानातली गिऱ्हाइकंही स्टुलावर बसून ऐकत राहायची. मला चहा आणायचं काम होतं, आणि खरं सांगतो, इतक्या मोठ्या माणसांना चहा देताना मी कप दोन्ही हातांनी पुढे करायचो!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची फाईल लागली. एक घोगरा आवाज कानबाईचं गाणं म्हणत होता. अक्का पहिल्यांदाच अडल्या. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

"हाई बाई कोन शे, माले वळखू येत नही. पन बिचारीनं नरडं बसेल शे."

कोकिळाताईंनीही नकारार्थी मान हलवली. सलीमाताईंनी नाव टाइप केलं, 'अनोळखी, आजारी बाई'.

दोन वर्षांपूर्वी ताईंचा रेकॉर्डर दुरुस्त झाला का हे पाहायला, वाचनालयाचं दार लावून, मी एकटाच कानबाईचं एक गाणं म्हटलं होतं. पण हे तुम्हाला म्हणून सांगतोय. तिथे मी नुसतं विचारलं, "अजून चहा आणू का?"