प्रिंटरची बाजू घेणारा माणूस

गांगुर्डे भाऊ ऑफिसात आले की आधी पंखे बंद होतात. मे महिना असो, साहेब घामानं निथळत असोत, समोर अशील बसलेला असो. दारात चपला काढता काढताच ते म्हणतात, "पंखा बंद." नमस्कार त्यानंतर.

प्रिंटरच्या आत काळी पूड असते, तिला टोनर म्हणतात. प्रिंटर उघडल्यावर पंखा चालू असला तर ती पूड सगळीकडे उडते, हे खरंच आहे. पण भाऊ प्रिंटर उघडायच्या कितीतरी आधी पंखे बंद करायला लावतात. त्यांना प्रिंटरचा आवाज ऐकायचा असतो. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. ते फरशीवर पेपर अंथरून मांडी घालून बसतात, प्रिंटर समोर घेतात, त्याला कान लावतात आणि म्हणतात, "जोशी, द्या एक पान." पान अर्ध्यात अडकतं, प्रिंटर कुरकुरतो, आणि भाऊ मान हलवत राहतात. कुणी आपलं दुखणं सांगावं आणि त्यांनी मधे न बोलता ऐकून घ्यावं, तसं.

"कळलं," ते शेवटी म्हणतात. "त्याची काय चूक नाय."

मी नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात झाडलोट करते आणि चहा करते. माणसं आम्ही तीनच. वकीलसाहेब, टायपिंग करणारे जोशी आणि मी. कोर्टात द्यायचा प्रत्येक कागद त्या एका प्रिंटरमधून निघतो. तो अडला की साहेब सगळ्यांवर चिडतात, माझ्या चहावरसुद्धा. मग जोशी गांगुर्डे भाऊंना फोन लावतात. भाऊ नाशिकमधल्या पुष्कळ ऑफिसांचे प्रिंटर दुरुस्त करतात. त्यांचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायला आपण वडिलांकडून शिकलो, असं ते सांगतात.

प्रिंटरची चूक नाही म्हटल्यावर ती कुणाची, हे ते शोधून काढतातच. एकदा त्यांनी आत चिमटा घातला आणि विचारलं, "शेंगा कोणी खाल्ल्या?"

"इथं कोण शेंगा खातंय?" जोशी म्हणाले.

भाऊंनी चिमट्यात धरलेलं शेंगदाण्याचं लाल टरफल उजेडात धरलं. "मग हे यानं बाजारातून आणलं का?"

"मला डॉक्टरांनी सांगितलंय शेंगदाणे खायला."

"तुम्हाला सांगितलंय. याला नाय सांगितलं."

साहेबांनाही ते सोडत नाहीत. एकदा घाईच्या वेळी पान अडकलं आणि साहेबांनी प्रिंटरला वरून दोन चापट्या मारल्या. भाऊंना ते कसं कळलं कोण जाणे, झाकणाकडे बघून कळलं म्हणाले. "साहेब, तुमच्या अशिलाला कोणी मारलं तर तुम्ही काय कराल?"

"केस टाकेन."

"मग समजा याचा वकील आलाय."

साहेब कोर्टात मोठमोठ्यानं बोलतात असं ऐकलंय. त्या दिवशी ते नुसते हसले. दुसऱ्या वेळी साहेब म्हणाले, हा जुना झाला, आता नवीन घेऊ. भाऊ लगेच उठले आणि साहेबांना गॅलरीत घेऊन गेले. "हे बोलायचं असंल तर इथं बोला." परत आले ते प्रिंटरवरून फडकं फिरवत. नवीन प्रिंटर अजून आलेला नाही.

पावसाळ्यात कागद सादळतो आणि सादळलेला कागद प्रिंटरमध्ये गोळा होतो. भाऊंनी त्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. चहाच्या खोलीत गॅसपासून लांब, वरच्या फळीवर, कागदाचे गठ्ठे ठेवायचे. ती जागा उबदार राहते. "घोटीला भात लावायला पाऊस लागतो ताई, कागदाला नाय लागत." तेव्हापासून कोरे कागद माझ्या ताब्यात आहेत. जोशींना कागद हवा असला तर ते माझ्याकडे मागतात. "मावशी, द्या आता, की अर्ज करू?" असं म्हणतात, पण मागतात.

भाऊंची सर्वात विचित्र सवय मात्र दुरुस्ती झाल्यानंतरची आहे. दुरुस्तीनंतर एक पान छापून बघतात. पूर्वी जोशी ते उचलायचे आणि एक नजर टाकून म्हणायचे, "मस्त." एकदा भाऊंनी ते पान त्यांच्या हातातून काढून घेतलं. मी चहा घेऊन उभी होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, वाचा."

माझं शिक्षण चौथी. शाळा सुटल्यापासून चारचौघांत मोठ्यानं वाचायची वेळ कधी आली नव्हती. मी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि नाही म्हणणार होते.

"मावशींना कशाला त्रास?" जोशी म्हणाले. "मी वाचलं ना."

"तुम्ही वाचत नाय, ओळखता. अर्धं अक्षर उडालं तरी पुढं पळता. ताई एकेक अक्षर लावत जातील, म्हणजे उडालेलं सापडंल."

मी वाचलं. शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. तिसऱ्या ओळीत 'प्रतिवादी'शी थांबले आणि म्हणाले, "इथं पहिली वेलांटी दिसत नाही."

भाऊंचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांच्या घरचं लग्न ठरवलं. त्यांनी प्रिंटर पुन्हा उघडला, आतला एक गोल नळा कापडानं पुसला, पुन्हा पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं. तेव्हापासून दुरुस्ती झाली की पंखे सुरू व्हायच्या आधी मी एक पान वाचते. आता बोट ठेवावं लागत नाही.

मागच्या दिवाळीनंतर भाऊ बरेच दिवस आले नाहीत. त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला होता, मुक्ताबाई त्यांचं नाव. मुलगी पुण्याला सासरी. घरी दोघंच. भाऊ परत आले तेव्हा दाढी वाढलेली होती. पंखा बंद मात्र म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी वाचायला दिलेल्या पानावर कोर्टाचं काही नव्हतं. मोठ्या मोठ्या अक्षरांत एकेक शब्द होता. पाणी. भात. दार. ऊन. मी वाचून त्यांच्याकडे बघितलं.

"हिच्यासाठी," ते म्हणाले. मुक्ताबाईंचा उजवा हात आणि बोलणं गेलं होतं. हात थोडा परत आला. बोलण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोठ्या अक्षरात शब्द दाखवा आणि म्हणून घ्या. मुक्ताबाईंचं माहेर चांदवडकडचं, सातवी झालेल्या, त्यांना वाचायची आवड. भाऊंनी घरातला एक जुना प्रिंटर चालू केला आणि रोज पानं छापायला लागले. "पाणी म्हणते. भातही म्हणते, भ जरा अडतो. शेजारणीचं नाव घेतलं परवा."

मला बरं वाटलं. पण पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पान काढलं आणि प्रिंटर न उघडताच माझ्यापुढं धरलं.

"ताई, हे नीट छापलंय का?"

"भास्कर," मी वाचलं.

"काही उडालंय का? जोडाक्षर दिसतंय?"

"सगळं दिसतंय."

त्यांनी दुसरं पान काढलं. त्यावरही भास्कर, आणखी मोठं. तिसऱ्यावर आणखी जाड, निम्मं पान काळं. मी तिन्ही वाचली. भास्कर हे त्यांचंच नाव, हे मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे गांगुर्डेच म्हणतो.

"बाकी सगळं म्हणते," ते म्हणाले. "हे दाखवलं की तोंड मिटून घेते. मान फिरवते. मला वाटलं, छपाई बरोबर नाय. रोलर बदलला. अक्षर बदलून पाहिलं. तुम्हाला दिसतंय तर तिला का दिसू नये?" त्यांनी तिन्ही पानं एकावर एक लावली. "डॉक्टर म्हणाले, काही काही पुसलं जातं. शेजारीण राहिली ताई, आणि मी गेलो."

जोशी तिथंच होते. त्यांनी शेंगदाण्याची पुडी हळूच ड्रॉवरमध्ये ठेवली. भाऊंनी त्या दिवशी प्रिंटरशी एक शब्द न बोलता काम केलं. कुणाची चूक, हेही विचारलं नाही.

मी कुणाच्या घरी सहसा जात नाही. पण त्या रविवारी सिटी बसनं जेलरोडला भाऊंच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ. खिडकीशी खुर्चीत मुक्ताबाई बसल्या होत्या, वेणी घातलेली, जरा वाकडी. ती भाऊंनीच घातली असणार. मला बघून त्या एका बाजूनं हसल्या. भाऊंना माझ्यासमोर शब्द म्हणवून घ्यायचे होते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पानं काढली.

"पा...णी," मुक्ताबाई म्हणाल्या. मग ऊन म्हणाल्या. भाताशी अडल्या, पण सोडलं नाही. मग भाऊंनी ते पान धरलं. 

मुक्ताबाईंनी पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटले, आणि डाव्या हातानं त्यांनी पदर डोक्यावर पुढं ओढला.

"बघितलं?" भाऊ म्हणाले. "हे असं."

मी उठून आतल्या खोलीत गेले, पाणी प्यायच्या निमित्तानं. भाऊ मागोमाग आले. मला पुरुषांशी घरातलं बोलायची सवय नाही, म्हणून माठाकडे बघतच बोलले.

"भाऊ, त्यांनी तुमचं नाव आधी कधी घेतलं होतं?"

"म्हणजे?"

"झटका यायच्या आधी. एवढ्या संसारात."

भाऊंनी आढ्याकडे बघितलं. आठवत होते. "लग्नात घेतलं होतं. उखाण्यात. सगळ्या बाया मागं लागल्या होत्या, तेव्हा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला घेईल?" हे बोलून झालं आणि ते थांबले.

"मग आता कशा घेतील, आणि त्याही माझ्यासारख्या परक्या बाईसमोर?" मी म्हणाले. "विसरल्या असत्या तर पदर ओढला नसता."

 भाऊंनी पेल्यात पाणी ओतलं आणि मला द्यायचं सोडून स्वतःच प्यायले.

"एरवी हाक कशी मारायच्या?" मी विचारलं.

"हाक कसली. 'अहो' म्हणायची. दुसरं काय." ते मग स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "अहो म्हणायची."

ते बाहेर गेले. कोपऱ्यातल्या प्रिंटरशी बसले, कॉम्प्युटरवर दोन अक्षरं टाइप केली आणि पान काढलं. ते मला वाचायला दिलं नाही. सरळ मुक्ताबाईंच्या मांडीवर ठेवलं. पण त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नसावी, कारण लगेच परत वळून प्रिंटरचं झाकण उगीचच उघडलं आणि आत काहीतरी पुसत बसले.

मी दाराच्या आड उभी होते. मुक्ताबाई पानाकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अ...हो."

"आलो, थांब जरा," भाऊ पाठमोरेच म्हणाले, आणि पुसत राहिले. मग त्यांचा हात थांबला. त्यांना उठता येईना, वळता येईना, तसेच झाकण धरून बसून राहिले.

मुक्ताबाईंनी थोडी वाट बघितली. नंतर म्हणाल्या, "अहो," आणि या वेळी त्यात चांगला राग होता.