सोळा आटे

दर गुरुवारी सकाळी सात वाजता आमच्या दारावर थाप पडते आणि दार उघडलं की नाकासमोर साखर मोजायचं मशीन येतं.

"वाचा सर. मोठ्यानं वाचा."

मी वाचतो. दोनशे चाळीस. एकशे नव्वद. शेजारचे वामनकाका मान डोलावतात, "प्रेशर जास्त हाय," म्हणतात आणि चालते होतात. चहाला थांबत नाहीत. शुक्रवारी हाच कार्यक्रम दुसऱ्या घरी. बरं, चष्मा नाकावरच असतो, त्यामुळे बिचाऱ्यांना दिसत नाही असं म्हणायचीही सोय नाही.

काका तीस-बत्तीस वर्षं अकोल्यात पाणीपुरवठ्याचे वॉलमन होते. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, त्यामुळे वॉलमनचा रुबाब कलेक्टरपेक्षा कमी नसतो. रिटायर होताना त्यांनी नळाचे वॉल फिरवायची ती हातभर लांब चावी खात्यात जमा केली, मनगट मात्र तसंच राहिलं. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा मोजून फिरवतात. इन्सुलिनचं पेन तर त्यांच्या फार आवडीचं, कारण त्याचं टोक फिरवलं की टिकटिक ऐकू येते. युनिट हा शब्द त्यांना मंजूर नाही. "सकाळी सोळा आटे, राती बारा."

मधुमेह जुनाच. दीड वर्षापूर्वी त्यात थायरॉईडची भर पडली. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, खाऊनपिऊन माणूस वाळत चालला आणि साखर काही केल्या आवरेना. डॉक्टरांनी थायरॉईड वाढल्याचं सांगून गोळ्या सुरू केल्या, इन्सुलिनही वाढवलं. ते का, हे काकांनीच मला समजावलं.

"थायरॉईड म्हंजे टाकीवरला मेन वॉल. थो जास्त खुलला का गावात प्रेशर वाढते, मंग गल्लीतला वॉल आवळा लागते. मेन जागेवर आला का गल्लीतला सैल करा, नाई तं नळ कोरडे!"

डॉक्टरांनाही इतकं सोपं सांगता आलं नसतं. पण समजणं वेगळं आणि करणं वेगळं. नोकरीत एकदा काकांनी साहेबांच्या तोंडी हुकमावरून वॉल फिरवला, खालच्या मोहल्ल्यात पाणी गेलं नाही, साहेबांनी कानावर हात ठेवले आणि मेमो काकांना मिळाला. तेव्हापासून ब्रह्मदेव आला तरी "चिठ्ठी आना". शांताकाकू होत्या तोवर किराण्याच्या यादीवरही सही करून द्यायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी नंदा अमरावतीला असते, डॉक्टरांशी फोनवर तीच बोलते.

एका गुरुवारी माझ्यापुढे तपासायच्या पेपरांचा ढीग होता. थाप पडली तशी मी बायकोला खुणेनं सांगितलं, आंघोळीला गेलेत म्हण. तिनंच आकडा वाचला. अठ्ठ्याण्णव.

"पाहा वहिनी, मेन वॉल आला जागेवर," काका दारातून म्हणाले. "नंदीचा फोन आलता. डॉक्टर म्हनते, आता सोळाचे दहा करा. पन चिठ्ठी कुठी हाय? फोनवर सही होते काय?"

मी आतून सगळं ऐकलं. बाहेर जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. गेलो नाही. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर कसा येणार?

पुढच्या गुरुवारी सात वाजले, सव्वासात झाले, थाप पडली नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. साडेसातला बायको म्हणाली, "आज काका आले नाहीत हो?" आणि आम्ही दोघं चपला न घालताच धावलो.

काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. सदरा घामानं चिंब, पेन मुठीत घट्ट. सोळा आटे फिरवून झाले होते आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाले, "कोनत्या झोनचे तुमी?"

त्यांनी मला ओळखलं नव्हतं, पाणी आलं नाही म्हणून आलेला कुठल्या तरी भागातला तक्रारदार समजले होते. गिळता येत होतं हे नशीब. बायकोनं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, मी मशीन लावलं. बावन्न. मोठ्यानं वाचायचा धीर झाला नाही.

पंधरावीस मिनिटांनी ते मला पुन्हा 'सर' म्हणाले. तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी चांगलं झापलं, मग कागदावर लिहून दिलं: सकाळी दहा, रात्री आठ, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. खाली सही आणि शिक्का. काकांनी कागद उजेडात धरून शिक्का पाहिला. "आता कसं!"

परतताना ऑटोत माझा राग बाहेर पडला. "काका, सांगितलेलं ऐकायचं नसतं, तर घरोघर आकडा वाचून कशाला घेता? तुम्हाला स्वतःला दिसतो ना?"

काकांनी शिक्क्याच्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"शांती होती तवर थे वाचे. थे गेल्यावर म्या एकेका घराले वार लावून देला. नळ नाई आला तं घंटाभरात लोकं बोंबलतात, सर. वॉलमन नाई आला तं कोनाले मालूम पडते? एखांद्या दिवशी मी आलो नाई, तं त्या घरचं कोनी तरी म्हनन, काहून नाई आला बुवा."

मला माझी ती आंघोळ आठवली. शरमेनं मान वर होईना.

परवाच्या गुरुवारी मी पावणेसातलाच दार उघडून बसलो. काका आले, मी आकडा मोठ्यानं वाचला, एकशे तीस. "प्रेशर बराबर," म्हणून ते वळणार, तोच मी खिशातून चिठ्ठी काढून दिली. 'श्री. वामनराव यांनी दर गुरुवारी आमचेकडे बिनसाखरेच्या चहासाठी थांबावे.' खाली माझी सही, तारखेसह.

काकांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली.

"यावर शिक्का नाई," ते म्हणाले, आणि बसले.