साच्यात अडकलेली पुंगळी

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की स्तोत्रही नीट ऐकू येत नाही आणि गोष्टही. आज आर्विड त्वेटची गोष्ट सांगतो. गोष्ट आहे काडतुसाच्या बोटभर पितळी पुंगळीची. पण ती जिथे अडकली, तिथे एका म्हाताऱ्याची शेवटची शिकार अडकली होती, म्हणून सांगायची.

आर्विड म्हणजे आमच्या तोर्स्क तळ्याच्या ख्रिस्ती देवळातला पहिल्या रांगेतला गाणारा. देवाने त्याला गळा देताना हात सैल सोडला होता आणि नम्रता देताना चिमटीने दिली होती. रविवारी उपासना संपली की तळघरात कॉफी असते. त्या रविवारी त्याचा सासरा हाल्वर कपात बघत म्हणाला, "यंदाची शिकार शेवटची. पुढच्या वर्षी डोळे नाही म्हणतील."

हाल्वर शहाऐंशीचा. शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता आणि त्याला आपल्या वडलांची रायफल घेऊन मचाणावर बसायचं होतं. अडचण एकच. त्या मापाची काडतुसं दुकानात यायची बंद होऊन जमाना झाला होता. म्हाताऱ्याने जुन्या उडवलेल्या पुंगळ्या एका मोज्यात जपून ठेवल्या होत्या, आणि त्या पुन्हा भरायला त्या मापाचा पोलादी साचाही होता. पण बोटं आता ऐकत नव्हती.

"बाबा, द्या इकडे," आर्विड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "डोळे मिटून करून देतो."

"उघडे ठेवून केलंस तरी चालेल," हाल्वर म्हणाला.

आता तुम्हाला यातली गोम सांगतो. गोळी सुटली की पुंगळी फुगते, लग्नाहून जेवून आलेल्या पाहुण्यासारखी. तशी ती पुन्हा बंदुकीत शिरत नाही. म्हणून तिला प्रेसवर ठेवायची, दांडा ओढायचा, आणि घट्ट साच्यात दाबून मूळ अंगावर आणायची. मग पुढे नवी दारू, नवी गोळी. पण साच्यात घालण्याआधी तिच्या अंगाला मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेण चोळायचं, न चुकता. कोरडी पुंगळी आत जाते. बाहेर येत नाही. अहंकाराचंही असंच असतं, पण ते जाऊ द्या.

आर्विड बुधवारी दुपारी आपल्या घरच्या तळघरात बसला. त्याची कामाची एक रीत होती. तो गात गात काम करी. कडवं चाललं की बोटांनी मेण चोळायचं, ध्रुपद आलं की दांडा ओढायचा. एका कडव्याला एक पुंगळी. वीस वर्षांत कधी चूक नाही.

पण त्या आठवड्यात आमच्या एनोकने, म्हणजे गायकांच्या म्होरक्याने, एका जुन्या स्तोत्राला नवं वळण दिलं होतं: शेवटच्या कडव्यानंतर ध्रुपद दोनदा. आर्विड तेच घोळवत होता. पहिलं कडवं, मेण. ध्रुपद, दांडा. दुसरं, तिसरं, चौथं, सगळं तालात. चौथ्या, म्हणजे शेवटच्या कडव्याचं ध्रुपद झालं आणि भक्तीच्या भरात ते दुसऱ्यांदा सुरू झालं. हाताला काय ठाऊक? हाताने समोरची पुंगळी उचलली, ठेवली, दांडा ओढला.

मधलं कडवंच नव्हतं. म्हणजे मेणही नव्हतं.

दांडा खाली गेला तो वर येईना. आर्विडने एका हाताने ओढला, दोन्ही हातांनी ओढला, मग टेबलाला पाय लावून ओढला. टेबल उचललं गेलं, खिळ्यांच्या बरण्या घरंगळल्या, आणि अचानक दांडा लोण्यासारखा सुटला. आर्विडला वाटलं, सुटली. वाकून पाहिलं तर पुंगळीच्या बुडाची कड तेवढी फाटून हाती आली होती. बाकीची आत. साच्याशी जन्माची गाठ बांधून. आणि साचा अडला की एकही काडतूस पुरं होत नाही.

वरून त्याच्या बायकोचा आवाज आला, "काय पडलं?"

"काही नाही. मीच."

सिग्ने वर बटाट्याची लेफ्सा, म्हणजे पातळ पोळी, लाटत होती. तिने लाटणं पुन्हा चालवलं. आमच्याकडे बायका लगेच बोलत नाहीत, वाट बघतात.

आर्विडने कुठेसं ऐकलं होतं की थंडीत पितळ पोलादापेक्षा जास्त आक्रसतं. त्याने साचा चंदेरी कागदात गुंडाळून हरणाच्या मांसाच्या पुड्यांमागे फ्रीजरमध्ये सरकवला. गुरुवारी नेमका हाल्वर कॉफीला आला. सिग्नेने लेफ्सेसाठी म्हणून फ्रीजरमधून चंदेरी कागदातला लोण्याचा गोळा काढला, आणि तो बशीत ठेवून वडलांसमोर सरकवला.

बशी टेबलावर टणकन वाजली.

"लोणी घट्ट झालंय," हाल्वर म्हणाला आणि सुरी उचलली.

आर्विडने झडप घालून पुडी उचलली. "ते माझं आहे."

"खा बाबा. कोणी हिसकावत नाही."

आता ती ठेवायची कुठे? पँटच्या खिशात. वर म्हातारा निवांत बसलेला. पावसाचं झालं, रस्त्याचं झालं, शेजाऱ्याच्या गुडघ्याचं झालं. आर्विडची मांडी आधी गार पडली, मग बधिर झाली, मग कोणा दुसऱ्याचीच वाटू लागली.

"पुंगळ्या कशा चालल्यात?" हाल्वरने उठता उठता विचारलं.

"बऱ्या."

आमच्याकडे 'बऱ्या' याचा अर्थ उत्तम इथपासून घराला आग लागली इथपर्यंत काहीही होतो. म्हाताऱ्याने मान हलवली. दारातून मात्र वळून म्हणाला, "काल रात्री रायफल पुसून ठेवली. वडलांचा वास अजून आहे तिच्या दस्त्याला."

तो गेला. आर्विड खुर्चीतून उठेना.

"खिशातून पाणी गळतंय," सिग्ने म्हणाली.

मग त्याने सगळं सांगितलं. ती बशा उचलत म्हणाली, "बाबांना सांग."

"काय सांगू? तुमची शेवटची शिकार माझ्या गाण्यात गेली?"

"मग पाळकबाईंकडे जा."

"प्रार्थनेला?"

"तू जा तर."

शुक्रवारी सकाळी आर्विड टोपी हातात घेऊन पाळकबाई बोर्गिल्ड यांच्यासमोर उभा राहिला. इतकी वर्षं तो देवळात मान वर करून उभा राहिलेला. आज मान खाली. "बाई, माझं एक... म्हणजे आत काहीतरी अडकलंय."

"मनात की साच्यात?"

"साच्यात."

बाईंनी खालचा खण उघडला, वेदीच्या मेणबत्त्या बाजूला केल्या आणि कॉफीचा एक जुना डबा काढला. आत भोक पाडायचा बर्मा, आटे पाडायचं हत्यार, एक लांब बोल्ट आणि एक जाड नळी. "बुडातून भोक पाडायचं, आटे पाडायचे, वरून नळी ठेवून बोल्ट आवळत जायचं. हळूहळू वर येते. आणि या कागदावर नाव लिहायचं."

आर्विडने कागद उलगडला. त्याला वाटलं होतं, दोनचार नावं असतील. तिथे निम्मं गाव होतं. डॉक्टर होता, शाळेचा मुख्याध्यापक होता. खाली, ठसठशीत अक्षरात, एनोक.

"एनोकसुद्धा?"

"दोनदा. शेवटी दोनदा घ्यायची सवयच आहे त्याला."

"आणि मला कसं ठाऊक नाही याचं?"

"डबा सगळ्यांनाच ठाऊक होतो," पाळकबाई म्हणाल्या, "आपल्याला लागला की."

आर्विडने नाव लिहिलं. शक्य तितकं बारीक. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आडनावसुद्धा."

दुपारी त्याने बोल्ट आवळला. एक वळसा, दुसरा वळसा, मग कच्चकन आवाज झाला आणि पुंगळी बाहेर आली, वाकडी, ओरबाडलेली, ओळख न देणारी. उरलेल्या पुंगळ्या त्याने तोंड मिटून केल्या. प्रत्येकीला मेण, प्रत्येकीला दोनदा पाहणं. सिग्ने जिन्यावरून दोन वेळा डोकावून गेली. तळघरात इतकी शांतता तिने लग्नापासून ऐकली नव्हती.

शनिवारी उजाडता उजाडता सासरा-जावई मचाणावर बसले. तळ्यावर धुकं, रायफल म्हाताऱ्याच्या मांडीवर. तासाभराने झाडीतून एक मोठा नर पुढे आला. हाल्वरने सावकाश रायफल खांद्याला लावली आणि बार काढला. हरणाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि आल्या वाटेने, फारशी घाई न करता, ते निघून गेलं.

"काडतूस उत्तम होतं," हाल्वर म्हणाला. "हरीण जरा चुकीच्या जागी होतं."

त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की आर्विडला राहवेना. त्याने साचा, फ्रीजर, खिसा, डबा, सगळं सांगून टाकलं.

हाल्वरने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून त्याला दिली. "मी तिशीत होतो. याच साच्यात, याच रायफलची पुंगळी माझीही अडकली. तेव्हा गावात ते हत्यार नव्हतं. माझे वडील तो हंगाम घरी खिडकीशी बसले. पुढचा हंगाम त्यांना मिळाला नाही." तो थांबला. "मग मी हत्यार आणलं आणि डबा देवळात ठेवला."

"देवळात का?"

"देवळाला कुलूप नसतं. आणखी कोणाचा म्हातारा खिडकीशी बसायला नको."

झाकणातली कॉफी संपली. मग आर्विडने हळूच विचारलं, "पण बाबा, तुमची कशी अडकली? तुम्ही तर इतके सावध."

हाल्वरने कान लाल होईपर्यंत टोपी सारखी केली.

"गात होतो," तो म्हणाला.

हाल्वर पुढच्या वसंतात गेला. त्याला निरोप देताना आम्ही सगळे गायलो, ध्रुपद दोनदा. तेव्हा मंडळी, तुमचं काही कुठे कोरडं शिरून अडकलं, आणि मदत मागायला मान खाली घालून जावं लागलं, तर दारात क्षणभर थांबा आणि आमच्या हाल्वरची आठवण काढा.