आडदऱ्याच्या थैलीची हकीकत

गणरायाला हात जोडले. सरस्वतीची आणि आपली फारशी वळख नाही, तरी तिलाबी जोडले. बसा बाबांनो, मांडी घालून बसा. एका थैलीची हकीकत सांगतो, ऐकली तशी, पदरचं मीठ न घालता. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, वैशाख वद्य तृतीया. एक राज्य होते, नाव कशाला पाहिजे. तेथील चाल अशी की, अंमलदारास अर्ज आला म्हणजे त्याने आपले पत्र लिहावे, पत्राच्या मधोमध तो अर्ज ठेवावा आणि सगळे थैलीत घालून वरच्याकडे धाडावे, मग वरच्यानेही ती थैली आपल्या पत्राच्या मधोमध ठेवून तसेच करावे. आडदरे गावच्या बांधास भोक पडले, गावाने गवंडी मागितला, आणि तो अर्ज दोन वर्षे नव्वद कचेऱ्या फिरून, नव्वद थैल्यांच्या पोटात बसून राजधानीस दाखल जाहला. संगे गोजरा कोळीण आली, कारण तिचे घर ऐन बांधाखाली, आणि पावसाला महिना उरलेला. दारातच ती म्हणाली, "दादा, भोक लई वाढलंय." दारचा कारकून म्हणाला, "तोंडी चालत नाही, बाई. थैलीत असेल ते खरं."

दरबारचा कायदा असा की, थैलीतले सगळे एका लांब कागदावर ओळीने उतरावे आणि तो एकच कागद महाराजांपुढे जावा. मग पहिल्या कारकुनाने आपले पत्र निम्मे उतरविले, मधे थैली लागली, तेथेच बोट ठेवून तो उभा राहिला आणि आतली थैली दुसऱ्याने उघडली, त्यासही थैली लागली, मग तोही बोट ठेवून उभा. आतल्याचे पुरे झाल्याबिगर बाहेरच्याने हलू नये. दालनात माणूस मावे चाळीस. चाळिसाव्याच्या हातासही थैलीच लागली, तेव्हा चोपदाराने काठी आपटली, "हद्द जाहली!" आणि कागद फाडला, कारण अर्धा मजकूर महाराजांस दाखवणे गुन्हा. थैली परत दिली, तीही नव्या थैलीत घालून.

गोजरा म्हणाली, "आगं माय! ही तर एक्क्याण्णवावी झाली की!"

दिवाण विसाजीपंत बोलते जाहले, "हद्दच वाढवा. वरल्या माडीवर शंभर उभे करा." मग शंभर कारकून माडीवर चढले, आणि सदुसष्टाव्याने थैली उघडली तोच माडी कडाडून खाली आली. आधी निदान काठी वाजत होती, आता काठीवालाच ढिगाऱ्यात. मेला कोणी नाही, पाय अकरा मोडले. हद्द माणसांसाठी नव्हती, माडीसाठी होती, हे पंतांस तेव्हा उमगले.

गोजरा म्हणाली, "पंत, घरातली उतरंड कधी बघितली का?"

"ते बायकांचे काम."

"म्हणूनच माडी पडली. माणसं कशाला उभी करता? निम्मं पत्र उतरवा, बोटाच्या जागी काडी लावा, पत्र खाली ठेवा आणि आतली थैली उघडा. तिचं पत्र त्याच्यावर ठेवा. शेवटाला पोचलात की वरचं मडकं आधी उचलायचं, काडीपासून राहिलेलं उतरवायचं, मग त्याच्या खालचं. एक माणूस पुरतो."

धड पायांचा हैबती कारकून बसला आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत एकट्याने एक्क्याण्णव थैल्या उतरवून मोकळा जाहला. कागद महाराजांपुढे गेला. ऐन गाभ्यात इतकेच की, बांधास मुठीएवढे भोक, एक गवंडी आणि टोपलीभर चुना द्यावा. महाराज म्हणाले, "दिले!"

"महाराज, त्या मुठीला दोन वर्सं झाली. आता तिथनं रेडा जातोय."

"मग आधी का नाही बोललीस?"

"थैलीत नाही ते इथं ऐकतंय कोण?"

महाराजांनी चाळीस गवंडी आणि शंभर गाड्या दगड फर्माविला. पंतांनी हुकमासाठी थैली उचलली, तोच महाराजांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "स्वाराला तोंडी सांगा. आत्ता." पावसाआधी आठ दिवस बांध पुरा जाहला. पुढे कायदा केला की, उतरंडीलाही वर छप्पर असते, सबब दोनशेची हद्द ठेवावी, थैल्या दारातच मोजाव्या, आणि जास्त निघाल्या तर कागद फाडीत न बसता किती झाल्या ते तोंडावर सांगावे.

हकीकत इतकीच: थैल्या एक्क्याण्णव, पाय अकरा, गाव एक वाचले. आता बाबांनो, एक मागणं. ही गोष्ट पुढं सांगाल तर 'हा म्हणाला की तो म्हणाला' अशा थैल्या चढवू नका. भोक आज केवढं आहे, तेवढं आधी सांगा.