घरगुतीपणाचा दाखला

कोणताही पदार्थ केवळ घरी केला म्हणून घरगुती ठरत नाही. तो तसा सिद्ध व्हावा लागतो. जगाला ही गोष्ट फार उशिरा कळली. तोवर शेकडो वर्षं देशोदेशीच्या बाया वर्षअखेरच्या सुट्टीत केक आणि बिस्किटं भाजत राहिल्या, पोरं ती खात राहिली, आणि एकीजवळही साधा कागद नव्हता. हा गलथानपणा संपवण्याचं श्रेय हेडक्लार्कांच्या कार्यालयाला द्यावं लागेल.

तिथे दर वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी 'जगभरातील पारंपरिक घरगुती केक व बिस्किटे' असा मेळावा भरे. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही मुभा होती. जगाचं शाखानिहाय वाटप झालेलं होतं: आवक-जावक शाखेकडे बर्फाळ देश, आस्थापना शाखेकडे उष्ण देश (लेखा शाखेच्या वाट्याला बहुतेक समुद्रच आला, पण त्यांनी कुरकुर केली नाही). एके वर्षी कुणीतरी विकतचा केक घरचा म्हणून आणला आणि साहेबांनी तो दोनदा मागून खाल्ला. खरं कळल्यावर तो साहेबांना मुळीच आवडला नव्हता असं निष्पन्न झालं. लगेच समिती नेमली गेली आणि हेडक्लार्क तिचे सचिव झाले.

हेडक्लार्कांनी शंभर गुणांचा तक्ता केला. कड करपलेली असणे, वीस गुण. आकार वाकडा, वीस. मधोमध खड्डा, पंधरा. अंगठ्याचा ठसा, पंधरा. केस, दहा (एकच, दोन निघाल्यास प्रकरण आरोग्य विभागाकडे). उरलेले वीस आठवणीला. ती शंभर शब्दांत लिहायची. आजी असल्यास उत्तम.

तक्ता निघाला तसा नाक्यावरच्या बेकरीवाल्याने तो आपल्या काउंटरवर चिकटवला. आठ दिवसांत त्याच्याकडे करपलेल्या कडेचे केक मिळू लागले. अंगठा कसा हवा तेही तो विचारी. आजीच्या अंगठ्यासाठी दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागे. त्या वर्षी एक्केचाळीस पदार्थ आले आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरगुती ठरले. समितीचं फार कौतुक झालं.

हेडक्लार्कांच्या बायकोचा केक एक्क्याण्णव गुणांनी पहिला आला. तो कुठून आणला हे सचिवांना ठाऊक होतं, समितीला नव्हतं. आठवणीत तिने आजीच्या सुरकुतलेल्या हातांना येणारा लोण्याचा वास लिहिला होता (तिच्या आजीला केक म्हणजे साबणाची वडी वाटे). समितीने दिलेला दाखला चौकटीत बसून फ्रिजच्या वर लागला, आणि तिथून घरात धुसफूस सुरू झाली.

कारण त्या घरात बिस्किटं करायची ती हेडक्लार्कांची आई. आल्याची, लोण्याची, गेली पन्नास वर्षं. पाहुणे येत, आईची बिस्किटं मटकावत, मान वर करून दाखला वाचत आणि म्हणत, "वहिनी, हाताला काय चव आहे हो तुमच्या!" वहिनी लाजत (नाकारत नसत). आई आत जाऊन ओटा पुसत बसे. ओटा तसा स्वच्छच असे.

एक दिवस ती म्हणाली, "अरे, मलाही एक कागद दे की आणून. ही माझी बिस्किटं आहेत, एवढंच लिही त्यावर. बाकी काही नको."

"अगं आई, त्यात काय! सचिव कोण आहे?" हेडक्लार्क छाती पुढे काढून म्हणाले.

पुढच्या मेळाव्याच्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात स्टुलावर चहा घेऊन बसले. मळणं, लाटणं, वाटीने कापणं, ओव्हनमध्ये सरकवणं, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. बिस्किटं निघाली ती एका मापाची, एका रंगाची. पन्नास वर्षांत हात बसला होता, त्याला ती तरी काय करणार?

समितीपुढे डबा उघडला आणि हेडक्लार्कांनी तक्ता पुढे ओढला. कड, शून्य. आकार, शून्य. खड्डा, ठसा, केस, शून्य. मूळ देशाच्या रकान्यात आईने लिहिलं होतं, 'शेजारणीने शिकवलं, ती कुठली ते विचारायचं राहिलं.' आणि आठवणीत, 'सुट्टीत पोरं दिवसभर घरात. भूक भूक करायची. म्हणून करायचे.' त्यात आजी नव्हती, वास नव्हता. शून्य.

"साहेब, मी स्वतः पाहिलंय हो करताना," हेडक्लार्क हळूच म्हणाले.

"पाहण्याला गुण आहेत का तक्त्यात?"

नव्हते. डब्यावर 'विकतचे' हा शिक्का हेडक्लार्कांनी आपल्याच हाताने मारला. चारच्या आत सबंध मेळाव्यातला तेवढा एकच डबा रिकामा झाला, आणि दुकानाचा पत्ता विचारणाऱ्या एकोणतीस चिठ्ठ्या सचिवांकडे जमा झाल्या (त्या फायलीला लावल्या आहेत).

घरी आईने शिक्का वाचला. पुन्हा वाचला. "विकतचे? तू समोर बसला होतास ना रे?"

हेडक्लार्कांना मान वर करवेना. "पुढच्या वेळी जरा अंगठा दाब. एक-दोन कडा करपव. पुढचं मी बघतो."

"मुद्दाम करपवू? करपू नयेत म्हणून जन्मभर ओव्हनपुढे उभी राहिले मी!" एवढं बोलून ती ओटा पुसायला गेली.

पुढच्या वर्षी तिला मुद्दाम काहीच करावं लागलं नाही. वर्षभरात तिचे हात थरथरायला लागले होते आणि नजर अंधूक झाली होती. बिस्किटं वाकडी कापली गेली, कडा करपल्या, मध्ये खड्डे पडले, उचलताना अंगठा रुतला. केस एक निघाला, पांढरा. आठवण तिच्या वतीने हेडक्लार्कांनी लिहिली, आणि लिहिताना ते खरोखर रडले. शंभरपैकी शंभर! साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डबा मात्र भरलेलाच घरी परत आला (साखर घालायची राहून गेली होती).

दाखला सुनेच्या दाखल्याशेजारी लागला. आईला तो दिसेना, म्हणून हेडक्लार्कांनी मोठ्याने वाचून दाखवला. ऐकता ऐकता तिने डब्यातल्या एका बिस्किटाचा घास घेतला आणि उरलेलं बशीत ठेवलं.

"कुणी केलीत रे ही? पार बिघडलीत," ती म्हणाली. "त्यावर माझं नाव नको लावूस."

समितीने ही हकीकत यंदापासून नमुना आठवण म्हणून तक्त्याला जोडली आहे. वाचताना ज्याचा गळा दाटून येईल त्यास वीसपैकी वीस गुण द्यावेत अशी सूचना आहे. तेव्हा तुमचे वीस मांडून ठेवले आहेत. तुमच्या आईने मागच्या खेपेला बांधून दिलेला डबा अजून उघडला नसेल, तरी काळजी करू नये. त्याला गुण नाहीत.